लॅटिनमधले आज, काल, परवा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीतून जाणारी वाट

लॅटिन शिकायला घेतलं की सुरुवातीच्या धड्यांतच वेळेचे शब्द समोर येतात. आज, काल, रोज, नेहमी, सकाळी, अमुक वाजता. बहुतेकजण इंग्रजीतून तयार केलेली यादी घेऊन पाठ करत बसतात. यादी पाठ होते, पण वाक्य उभं राहत नाही, कारण इंग्रजीत परवासाठी सुटसुटीत शब्द नाही, अडीचसाठी नाही, प्रहरासाठी नाही. मराठीत हे सगळं आहे. त्यात शाळेत संस्कृत घेतलं असेल, तर लॅटिनमधल्या कालवाचक शब्दांची बरीचशी रचना तुम्हाला आधीच ठाऊक आहे. फक्त ती ठाऊक आहे हे कुणी सांगत नाही. मी हे शब्द ज्या क्रमाने बसवले त्याच क्रमाने इथे देते आहे. जाता जाता जर्मन, पोर्तुगीज, स्पॅनिश आणि जपानीतलेही काही शब्द येतील. या भाषा शिकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि अडखळण्याच्या जागा त्याच आहेत.

1. आधी हे जवळ ठेवा

- दीर्घ स्वरांवर आडवी रेघ देणारा लॅटिन शब्दकोश. फोनवरचा असला तरी चालेल, पण रेघ हवीच. ती नसेल तर ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.
- संस्कृतचं शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक. विभक्तीचे अर्थ पाहायला लागेल.
- भिंतीवरची दिनदर्शिका, शक्यतो पंचांगाची.
- एक वही. एका पानावर 'केव्हा?' आणि समोरच्या पानावर 'किती वेळ?' असं शीर्षक घाला. प्रत्येक नवा शब्द यांपैकी कुठल्या पानावर जातो ते ठरवल्याशिवाय लिहू नका. या एका सवयीने पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

2. उच्चार एकच धरा, आणि तो देवनागरीत लिहा

लॅटिनचे दोन उच्चार शिकवले जातात. एक प्राचीन रोमचा, दुसरा चर्चचा, म्हणजे इटालियन वळणाचा. 'सी' हे अक्षर पहिल्यात नेहमी 'क'. दुसऱ्यात 'ए' आणि 'ई' यांच्याआधी 'च'. 'वारंवार' या अर्थाचा शब्द पहिल्यात साय्पे, दुसऱ्यात सेपे. चर्चमधलं गायन किंवा प्रार्थना यांसाठी शिकत असाल तर दुसरा धरा, प्राचीन लेखक वाचायचे असतील तर पहिला. मिसळ करू नका. या लेखात मी पहिला धरला आहे: ऱ्हस्व स्वराला 'अ', दीर्घाला 'आ'.

इथला सापळा इंग्रजीमुळे येतो. लॅटिनमधले 'टी' आणि 'डी' दंत्य आहेत, म्हणजे आपले त आणि द. 'आज'साठीचा शब्द होदिए आहे, होडिए नव्हे. देवनागरीत लिहायची सवय लावली की हा प्रश्नच उरत नाही.

3. आजपासून दोन्ही बाजूंना मोजा

यादी वरून खाली पाठ करू नका. 'आज' मध्ये ठेवा आणि मागे-पुढे चला.

परवा (मागचा): नुदिउस तेर्तिउस
काल: हेरी
आज: होदिए
उद्या: क्रास
परवा (पुढचा): पेरेंदिए

होदिए म्हणजे 'होक दिए', 'या दिवशी'. संस्कृतातलं 'अद्य' अशाच पद्धतीने, दर्शक सर्वनामाला दिवस जोडून, तयार झालं आहे. हेरी आणि संस्कृत 'ह्यः' तर एकाच मूळ शब्दाची दोन रूपं आहेत आणि जर्मन गेस्टर्नही त्याच घरातलं. क्रास आणि 'श्वः' मात्र एकमेकांचे कुणी नाहीत. दिवस–दिएस, नक्तम्–नोक्तू, मास–मेन्सिस, हेमंत–हिएम्स या जोड्या खऱ्या आहेत. पण प्रत्येक शब्दाला संस्कृतात भाऊ शोधायला लागलात तर चुकीच्या जोड्या पक्क्या होतील. कोशात पाहून मगच वहीत उतरवा.

नुदिउस तेर्तिउस हा बोलीतला शब्द फार सुंदर आहे. 'आता तिसरा दिवस', एवढाच त्याचा अर्थ. आज एक, काल दोन, परवा तीन. त्यापलीकडचा दिवस हवा असेल तर नुदिउस क्वार्तुस, 'आता चौथा दिवस', म्हणजे आपला मागचा तेरवा.

सुरुवातीचा दिवस धरून मोजायची ही रोमन पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढे तारखांमध्ये ती पुन्हा येते. ख्रिस्ती श्रद्धेच्या घोषणेत येशू 'तेर्तिआ दिए', तिसऱ्या दिवशी, उठला असं म्हटलं आहे. शुक्रवार ते रविवार वजाबाकीने दोनच दिवस होतात, पण शुक्रवार धरून मोजलं की तीन. आपण दहावा-तेरावा मोजतो तो असाच, मृत्यूचा दिवस धरून. सात दिवसांना 'आठवडा' म्हणणाऱ्यांना तर यात अडचण पडायलाच नको. फ्रेंच लोक आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतात, जर्मनही म्हणतात. रोमन लोकांचा बाजार दर आठव्या दिवशी भरे आणि त्याचं नाव होतं नुन्दिनाय, ज्यात 'नऊ' दडलेले आहेत. म्हणजे तो त्यांचा आठवडी बाजारच, फक्त नावात एक जास्त.

दुसऱ्या भाषांतले सापळे इथेच सांगून टाकते. जर्मनमध्ये मॉर्गन म्हणजे सकाळ आणि उद्या, दोन्ही. 'उद्या सकाळी' म्हणायचं तर मॉर्गन फ्र्यू, मॉर्गन मॉर्गन नव्हे. स्पॅनिश मान्यानाचं तेच. इटालियन दोमानीच्या पोटातही लॅटिन माने, म्हणजे सकाळच, आहे. परवासाठी जर्मनमध्ये मागचा फोरगेस्टर्न आणि पुढचा यूबरमॉर्गन असे दोन वेगळे शब्द आहेत. जपानीतही ओतोतोई आणि आसात्ते वेगळे, आणि पुढच्या तेरव्यासाठी शिआसात्ते आहे. मराठी 'परवा' दोन्हीकडे चालतो. म्हणून या भाषांत बोलताना आधी स्वतःला विचारा: गेलेला की येणारा?

4. छोटे शब्द, पण नेमके

सेम्पेर: नेहमी. नुम्क्वम: कधीच नाही. साय्पे: वारंवार. इंतेर्दुम: कधीकधी. कोतीदिए: रोज. स्ततिम: लगेच. मोक्स: लवकरच. नूपेर: नुकतंच. दिऊ: बराच वेळ.

तीन ठिकाणी थांबा. नुंक म्हणजे 'आत्ता, या क्षणी'. यम म्हणजे 'एव्हाना, आता'. 'आता पाऊस नाही' या वाक्यात 'आधी होता, आता राहिला नाही' असं म्हणायचं असेल तर नोन यम. नुंक इथे कामाचा नाही. दुसरं, दिऊ आणि साय्पे यांची अदलाबदल करू नका. पहिला किती वेळ ते सांगतो, दुसरा कितीदा. तिसरं, ओलिमचा अर्थ सगळीकडे 'पूर्वी' असा दिलेला असतो, पण तो 'पुढे कधीतरी' या अर्थानेही येतो. क्रियापदाचा काळ पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

5. 'रात्री' आणि 'रात्रभर': विभक्ती इथे ठरते

'केव्हा?' याचं उत्तर लॅटिनमध्ये अब्लेटिव्ह (नावापुरती आपली पंचमी) विभक्तीत येतं, शब्दयोगी अव्ययाशिवाय. नोक्ते: रात्री. मेरीदिए: दुपारी, भर मध्यान्ही. प्रीमा लूके: पहाटे उजाडताना. हिएमे: हिवाळ्यात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी शब्दयोगी अव्यय घालावंसं वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. आपण 'सकाळी, दुपारी, रात्री' असं प्रत्यय लावूनच बोलतो. 'संध्याकाळी'साठी वेस्पेरी आहे. शेवटची ई आपल्या ईशी जुळते तो योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. माने, म्हणजे सकाळी, कधी बदलत नाही.

'किती वेळ?' याचं उत्तर अक्युझेटिव्हमध्ये, म्हणजे द्वितीयेत. त्रेस दिएस: तीन दिवस. मुल्तोस अन्नोस: पुष्कळ वर्षं. पाणिनीचं 'कालाध्वनोरत्यन्तसंयोगे' हे सूत्र (2.3.5) आठवतं का? काळ आणि अंतर यांचं सलग माप सांगताना द्वितीया. लॅटिनचा नियम शब्दशः हाच आहे: सलग वेळही द्वितीयेत, चाललेलं अंतरही द्वितीयेत. कुठल्याही इंग्रजी पुस्तकाने मला हा नियम इतका पटकन समजावला नव्हता.

आणि 'तीन दिवसांत', म्हणजे त्या मुदतीच्या आत, असं म्हणायचं तर पुन्हा अब्लेटिव्ह: त्रिबुस दिएबुस. वहीची दोन पानं केली होती ती यासाठी.

जपानी शिकणाऱ्यांसाठी एक ओळ: घड्याळाच्या वेळेपुढे 'नी' लागतो, पण क्यो (आज), किनो (काल), आश्ता (उद्या) यांच्यापुढे लागत नाही.

6. होरा तेर्तिआ म्हणजे तीन वाजता नव्हे

नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करत. प्रत्येक भाग एक होरा. दिवस मोठा तर तास मोठा, दिवस लहान तर तास लहान. रोममध्ये हिवाळ्यात ही होरा सुमारे 45 मिनिटांची, उन्हाळ्यात सुमारे 75 मिनिटांची होई. प्राचीन मजकुरात होरा तेर्तिआ आली तर ती साधारण सकाळी नऊच्या आसपासची. सहावी संपते मध्यान्ही. स्पेनमधली दुपारची झोप, सिएस्ता, हे नाव सहाव्या होरेवरूनच आलं.

रात्रीचे चार भाग, विगिलिआ, म्हणजे पहारे. तेर्तिआ विगिलिआ मध्यरात्री सुरू होते. रात्रीच्या चार प्रहरांपैकी तिसरा, असं म्हटलं की मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. सैन्याच्या हालचालींची वर्णनं वाचताना हे सतत लागेल.

आजचे लॅटिन बोलणारे मात्र घड्याळाचेच तास मोजतात. 'किती वाजले?' म्हणजे क्वोता होरा एस्त? 'तीन वाजले' म्हणजे होरा तेर्तिआ एस्त. त्यामुळे मजकूर कुठल्या काळातला आहे ते आधी पाहा, मग तास मोजा.

एएम आणि पीएम ही आपण रोज वापरतो ती अन्ते मेरीदिएम आणि पोस्त मेरीदिएम यांची लघुरूपं: मध्यान्हाच्या आधी, मध्यान्हानंतर. बरोबर मध्यान्ह ना आधी असतो ना नंतर, म्हणून निमंत्रणावर किंवा तिकिटाच्या नोंदीत 'दुपारी 12' किंवा 'रात्री 12' असंच लिहा.

7. दीड, अडीच, पाऊण: आपली खास बाजू

दीडसाठी लॅटिनमध्ये शब्दाच्या आधी जोडायचा 'सेस्क्वि' आहे, पाऊणसाठी स्वतंत्र शब्द आहे, आणि अडीच एका नाण्याच्या नावात दडलेलं आहे.

दीड तास म्हणजे सेस्क्विहोरा. पाऊण म्हणजे दोद्रान्स, आणि त्याची फोड 'चतुर्थांश काढून घेतलेला' अशी होते. आपलं 'पाऊण' आलं पादोन यावरून: पाद म्हणजे चतुर्थांश, ऊन म्हणजे कमी. दोन वेगळ्या समाजांनी एकच वजाबाकी शब्दात बसवली.

अडीचचं याहून छान. संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे 'तिसरा अर्धा', यावरून अडीच आलं: दोन पुरे झाले, तिसरा अर्धाच. रोमन नाणं सेस्तेर्तिउस सुरुवातीला अडीच आस (आस हेही एक रोमन नाणंच) किमतीचं होतं आणि त्याच्या नावाचा अर्थही 'तिसरा अर्धा' असाच.

ज्यांना जर्मन घड्याळ जमत नाही त्यांनी इथे थांबून वाचावं. हाल्ब द्राय म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन. 'हाल्ब'पुढचा आकडा येणाऱ्या तासाचा असतो. इंग्रजीतून शिकलात तर दर वेळी एक तास वजा करावा लागतो. मराठीतून शिकलात तर जुने पाढे आठवा: दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, मूळ 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. हाल्ब फिअर म्हणजे औट. आपल्या 'साडे'ची रीत उलटी आहे, ते सार्ध, म्हणजे 'अर्ध्यासकट', म्हणून ते जर्मन हाल्बशी जोडू नका. अडीच आणि औट यांच्याशी जोडा. नेमणुकीची किंवा मुलाखतीची वेळ ऐकली की आकड्यात लिहून समोरच्याला दाखवून खात्री करून घ्या.

8. वार: इथे पाठांतर लागत नाही

दिएस सोलिस, लूनाय, मार्तिस, मेर्कुरिई, योविस, वेनेरिस, सातुर्नी. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आपल्याच क्रमाने, त्याच ग्रहांचे. हे जुळलं ते योगायोगाने नाही. ग्रहांवरून वार ठेवायची ही ज्योतिषाची रीत ग्रीक-रोमन जगातून पसरली आणि भारतातही आली. आपल्या ज्योतिषातला 'होरा' हा शब्द आणि लॅटिन होरा, दोन्ही ग्रीकमधून घेतलेले आहेत.

वारांचा क्रम असाच का, हे पंचांगातल्या होऱ्यांवरून उलगडतं. ग्रह मंद ते जलद असे मांडा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 तासांना हे क्रमाने एकेक द्या आणि पहिल्या तासाचा ग्रह तो त्या दिवसाचा स्वामी. 24ला 7ने भागून बाकी 3 उरते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला तास तीन घरं पुढे जातो. सूर्यापासून तीन घरं: शुक्र, बुध, चंद्र. रविवारनंतर सोमवार. एकदा वहीवर स्वतः मांडून पाहा, सातही वार जागेवर बसतील.

चर्चच्या लॅटिनमध्ये ग्रहांची नावं टाळली आहेत. रविवार दोमिनिका, शनिवार साब्बातुम, आणि मधले वार आकड्यांनी: सोमवार फेरिआ सेकुन्दा, म्हणजे 'दुसरा', तिथपासून शुक्रवार फेरिआ सेक्स्ता, 'सहावा'. पोर्तुगीजने हीच पद्धत उचलली, म्हणून तिथे सोमवार सेगुंदा-फेइरा. गोव्यातले जुने पोर्तुगीज दस्तऐवज वाचणाऱ्यांनी हे पक्कं करावं: 'दुसरा' म्हणजे मंगळवार नव्हे. मोजणी रविवारपासून आहे.

9. तारखा, थोडक्यात

महिन्यात तीन खुंट्या: कलेंदाय म्हणजे 1 तारीख, नोनाय म्हणजे 5, इदूस म्हणजे 13. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत नोनाय 7ला आणि इदूस 15ला. तारीख सांगायची ती पुढच्या खुंटीला किती दिवस उरले ते मोजून, दोन्ही टोकं धरून.

इदूसनंतरच्या तारखांसाठी: महिन्याचे दिवस अधिक 2, वजा तारीख. 26 जानेवारी: 31 + 2 − 26 = 7, म्हणजे फेब्रुवारीच्या कलेंदायआधीचा सातवा दिवस. 30 एप्रिल म्हणजे प्रीदिए कलेंदास मायास, 'मेच्या एक तारखेचा आदला दिवस'. 1 मे नुसता कलेंदीस मायीस. हे गणित ज्युलियस सीझरने सुधारलेल्या, इ.स.पू. 45पासून चालू झालेल्या पंचांगाचं आहे. त्याआधीच्या तारखांना ते लावू नका, तेव्हा महिन्यांचे दिवस वेगळे होते.

10. कितीदा: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं लॅटिन

सेमेल, बिस, तेर, क्वतेर: एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. संस्कृतात सकृत्, द्विः, त्रिः, चतुः.

घरात एखादी जुनी औषधाची चिठ्ठी असेल तर ती काढा. बीडी म्हणजे बिस दिए किंवा बिस इन दिए, दिवसातून दोनदा. टीडीएसमधले पहिले दोन शब्द तेर दिए, दिवसातून तीनदा. एस म्हणजे सूमेंदुम, 'घ्यायचं'. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपेच्या वेळी. एसी आणि पीसी म्हणजे अन्ते किबुम आणि पोस्त किबुम, जेवणाआधी आणि जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आपलं स्ततिम. एसओएस म्हणजे सी ओपुस सित, गरज पडली तर. चिठ्ठीवर त्याचा जहाजाच्या संकटाशी संबंध नाही.

ओडीबाबत सावध राहा. आपल्याकडे गोळ्यांपुढे ते ओम्नी दिए, रोज एकदा, या अर्थाने लिहितात. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे ओकुलुस देक्स्तेर, उजवा डोळा. ही माहिती भाषा शिकण्यासाठी आहे. औषध कसं घ्यायचं ते स्वतः अर्थ लावून ठरवू नका, औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांना विचारा.

11. रोजचा सराव

रोज रात्री वहीत तीन वाक्यं लिहा, काल, आज आणि उद्याचं एकेक, आणि क्रियापद तेच ठेवा. हेरी स्क्रीप्सी, होदिए स्क्रीबो, क्रास स्क्रीबम: काल लिहिलं, आज लिहिते, उद्या लिहीन. ही सवय झाली की एकेक भर घाला. क्रास वेस्पेरी वेनियम: उद्या संध्याकाळी येईन. नुदिउस तेर्तिउस नोक्तू वेनी: परवा रात्री आले. त्रेस दिएस कोतीदिए माने लेगी: तीन दिवस रोज सकाळी वाचलं. या शेवटच्या वाक्यात 'किती वेळ', 'कितीदा' आणि 'केव्हा' तिन्ही आहेत. कुठला शब्द कुठलं उत्तर देतो ते खुणा करून पाहा.

आता हे स्वतः करा. 'परवा दुपारी येईन' हे लॅटिनमध्ये लिहा, आणि 15 ऑगस्टची तारीख रोमन पद्धतीने काढा. उत्तरं: पेरेंदिए मेरीदिए वेनियम, सप्टेंबरच्या कलेंदायआधीचा अठरावा दिवस.